हिरोचा हात

दिवाळी सरली की यवतमाळ-दिग्रस रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो आपल्याकडे जरा जपून बघतो. पण खरंच लागतो. कापसाने फुगलेल्या गाड्या कडेकडेने जातात, बाभळी काटे पुढे करून आपापला वाटा काढून घेतात आणि मग हंगामभर पांढऱ्या केसांनी उभ्या राहतात. यंदाही एसटीच्या खिडकीतून मी त्या पाहिल्या. सरकीचा तेलकट, ऊबदार वास आला. जिनिंगजवळ बस वळली तेव्हा कापसाचा एक पुंजका खिडकीतून आत आला आणि मांडीवरच्या उघड्या पुस्तकात बसला. मी तो काढला नाही. पान मिटून घेतलं.

बाबांशिवायचा हा पहिला हंगाम.

बाबा वर्षावासात, ऐन पावसाळ्यात गेले. दिग्रसच्या बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गावातली लग्नं, बारशी, शाळेचे गट-फोटो, पासपोर्ट साइज चेहरे, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात ठेवायला त्यांचा फोटो शोधू लागलो, तर घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. शेवटी राहुलने, म्हणजे माझ्या आत्याच्या मुलाने, ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. आईने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे कोन होय?"

"बाबा."

"तुह्या बाबाचे कान असे होते काय वं? हा तं कोंबडी चोरताना पकडलेला मानूस दिसते."

कार्यक्रम त्या कोंबडीचोरावरच पार पडला. भंतेजींनी त्याच्यासमोर गाथा म्हटल्या, लोकांनी फुलं वाहिली. पण घरी आल्यावर आईने तो फोटो कपाटात उलटा घातला. "भिंतीवर हा मानूस मी लावू देनार नाई," ती म्हणाली. "खरा फोटो आन. तू लायब्ररीत बसतं ना? मंग शोध."

मी ग्रंथपाल आहे. चुकीच्या कपाटात गेलेली वस्तू शोधून काढणं हा माझा पेशा. तरी हा फोटो मला सापडेना, कारण तो कधी काढलाच गेला नव्हता. आईबाबांच्या लग्नाचे फोटो बाबांच्या उस्तादांनी काढले होते. त्रिशरण-पंचशीलापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत त्यांनी सगळ्यांना हसवून हसवून, मान तिरपी करायला लावून फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कॅमेऱ्यात रोलच नव्हता. आई अजून म्हणते, "लग्न झालं याचा पुरावा नाई, बाई. फक्त तू हायेस." पुढे घरच्या प्रत्येक फोटोत बाबा सगळ्यांना ओळीने उभं करायचे आणि स्वतः कॅमेऱ्यामागे जायचे. आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. अलीकडे मोबाइल आले, पण कोणी फोटो काढायला लागलं की ते "उजेड पाठीमागून येते, इकडून काढ" असं म्हणत थेट मोबाइलपर्यंत चालत यायचे. त्या फोटोंत बाबा नाहीत. बाबांचा तळवा आहे.

*

मला आठवतो तो हंगाम त्या वर्षांतला, जेव्हा कापसापायी आमच्या जिल्ह्याचं नाव दूरदूरच्या पेपरांत पोचलं होतं. खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. ती बाजाराच्या फाटकातून बाहेर पडून, रसवंतीला वळसा घालून, पार आमच्या स्टुडिओच्या पायरीपर्यंत यायची आणि तिथे आली की जणू आमच्याकडेच काम असल्यासारखी थांबून राहायची. माणसं गाडीखाली झोपत, कापसावर झोपत, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी असे. काउंटरवर बसून कादंबरी वाचायची आणि मधूनच डोकं वर करून फोटोंची पाकिटं द्यायची, एवढंच माझं काम.

वाट बघून बघून कंटाळलेला माणूस फोटो काढायला येतो. त्यातही आमच्या स्टुडिओत हिरो होता.

हिरोचं नाव मी लिहीत नाही. त्याचे चाहते अजून आहेत आणि त्यांतले काही आमच्याच गल्लीत राहतात. गावातल्या टॉकीजवर त्याचा सिनेमा लागला तेव्हा दाराशी प्लायवूडचं मोठं कटआउट उभं होतं: हिरो, आणि त्याच्या हाताखाली हिरॉईन. सिनेमा उतरेपर्यंत पावसाने हिरॉईन कुजून गेली. हिरो मात्र टिकला. बाबांनी त्याला आणून, कुजलेला भाग करवतीने कापून, स्टुडिओत उभा केला. आता तो एक हात हवेत पसरून, कोणाच्या तरी खांद्याची वाट बघत हसत होता. त्या हाताखाली जो उभा राहील तो हिरोचा दोस्त. हमाल, ड्रायव्हर, मास्तर, नवरदेव, सगळे आळीपाळीने हिरॉईनच्या जागी उभे राहून गेले. हात हिरॉईनच्या मापाचा असल्यामुळे उंच माणसांना गुडघे वाकवावे लागत आणि बुटक्यांसाठी बाबांनी एक लाकडी पाट ठेवला होता. त्या काळच्या आमच्या फोटोंतली उंच माणसं थोडी अवघडलेली दिसतात. लोकांना वाटतं, मोठ्या माणसाशेजारी उभं राहिल्यामुळे आलेला तो संकोच आहे. खरं म्हणजे ते गुडघे आहेत.

फ्लॅश मारला की हिरोच्या ऑइलपेंटच्या कपाळावर चकाकी यायची. म्हणून बाबा दिव्यांच्या उजेडात, शटर सावकाश ठेवून फोटो काढत. तेवढ्यात गिऱ्हाईक हललं तर हिरो स्पष्ट आणि माणूस धूसर, असं व्हायचं. त्यावर बाबांनी आपली पद्धत बसवली होती. कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडामागून आवाज यायचा, "श्वास धरा." मग शांतता. मग, "सोडा." एकदा नेमका मधेच रोल संपला आणि बाबा तो बदलायला आत गेले. इकडे एक हमालदादा छाती फुगवून उभे. चेहरा लाल, मग जांभळा. मी घाबरून "सोडा, सोडा" म्हटलं तर मान हलवून नको म्हणाले. मालकाने म्हटल्याशिवाय कसं सोडायचं?

हिरोच्या चाहता मंडळाचे अध्यक्ष होते गजूभाऊ, समोरच्या सलूनचे मालक. रांगेतल्या माणसांचे केस ते हिरोसारखे कापून देत, गळ्यात हिरोचं लॉकेट घालत आणि स्वतःचं चामड्याचं जाकीट चढवून फोटोसाठी आमच्याकडे पाठवत. दोन्ही धंदे असे हातात हात घालून चालले होते. नागपुराहून एकदा मोठ्या कॅमेऱ्याचा एक पत्रकारही रांगेचे फोटो घ्यायला आला. तो गेल्यावर एक शेतकरी काका तावातावाने बाबांना सांगत होते, "तोंड पाडून उभे राहा म्हने! म्या म्हटलं, घरी तं रोजचंच हाय, त्याचा फोटो कायले पाह्यजे? मले हिरोसंग काढाचा हाय. तं हसूनच काढा जी."

त्याच पत्रकाराने बाबांना आपल्या कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा दाखवला होता. फोटो काढला की तिथल्या तिथे दिसायचा. बाबांनी वाकून पाहिलं.

"मंग धुवाचा केव्हा?"

"धुवायचा नसतो, काका."

बाबा आपल्या कॅमेऱ्याकडे वळले. जेवताना म्हणाले, "न शिजवता भात वाढल्यावानी होय ते."

मला आता वाटतं, त्यांचं भांडण यंत्राशी नव्हतंच. त्यांच्या फोटोत टिपण्याच्या आणि दिसण्याच्या मधे एक रात्र असायची. आपण बरे दिसलो असू, अशी आशा करायला माणसाला ती रात्र मिळायची. आता आपण कसे दिसतो हे लगेच कळतं. त्यामुळे लोक खुश झालेत असं काही मला दिसत नाही.

*

ती न शिजवलेल्या भाताची पातेली लवकरच आमच्या घरात आली. राहुल अमरावतीहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि मामाच्या स्टुडिओत एका टेबलावर त्याने यंत्र मांडलं. बाबांनी त्यावर लगेच रुमाल टाकला. धूळ बसू नये म्हणून, असं ते म्हणाले.

"मामाजी, आता कोनाले कोनाजवळबी उभं करता येते," राहुल सांगायचा. "गिऱ्हाईक इथं, हिरो मुंबईत. मधातलं काम आपलं."

"जो मानूस आलाच नाई, त्याचा फोटो?"

"तुमचा हिरो तरी कुठं आला होता? लाकडाचा तं होय."

"लाकडाचा होय, पन उभा होता ना बे! हजर होता!"

हजर असणं हा बाबांच्या लेखी फोटोचा पहिला नियम होता. यावरून दोघांचं रोज वाजायचं आणि आई मधे चहा ठेवून जायची.

निकाल लावला तो हिरोच्या वाढदिवसाने. मंडळाने कटआउट ट्रॅक्टरवर चढवून गावातून मिरवणूक काढली. बँड पुढे, हिरो मागे, गजूभाऊ गुलालाने माखलेले. बाजाराच्या चौकात हिरोचा पसरलेला हात टेलिफोनच्या तारेत अडकला. ट्रॅक्टर पुढे गेला, हात मागे राहिला. पुढे बरेच दिवस तो तारेला लटकत होता आणि त्यावर कावळे बसत. गजूभाऊंनी अर्धा दिवस सलून बंद ठेवलं.

आता हिरोला हात नाही आणि रांग तर दाराशी. बाबांनी निमूटपणे कॉम्प्युटरवरचा रुमाल काढला. राहुलने इंटरनेटवरून हिरो उतरवला आणि गजूभाऊंना त्याच्याशेजारी उभं करून दाखवलं. गजूभाऊंनी छापील फोटो पाहिला आणि तोंड कडू केलं. त्या फोटोत हिरो हाताची घडी घालून उभा होता.

"हा तं ओळखतच नाई मले! बसची वाट पाहून राह्यला बाजूले उभा राहून."

"चेहरा पाहा ना भाऊ, कसा साफ आला."

"चेहरा तं पोस्टरवरबी हाय. खांद्यावर हात कुठं हाय?"

सगळ्या गिऱ्हाइकांचं हेच म्हणणं. तेव्हा मला कळलं की एवढे दिवस लोक हिरोसाठी येत नव्हते. ते त्या हातासाठी येत होते. आणि खांद्याच्या मापाचा, रिकामा, पसरलेला हात इंटरनेटवर कुठेच मिळेना.

"मामाजी," राहुल एका दुपारी म्हणाला, "तुमीच उभे राहा. धड तुमचं घेतो, मुंडकं हिरोचं लावतो."

"मी? कॅमेऱ्याच्या पुढं?"

"काकाजी," गजूभाऊ म्हणाले, "डोक्स्याची जबाबदारी हिरोची. तुमाले फक्त हात वर करा लागते."

बाबांना गजूभाऊंचं जाकीट घातलं. त्याला सलूनमधल्या सगळ्या तेलांचा वास होता. पांढऱ्या चादरीसमोर ते शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे राहिले. हात किती उंच धरायचा हे ठरेना, तेव्हा राहुलने आईला हाक मारली. "मामी, माप घ्यापुरत्या या हाताखाली उभ्या राहा." आई पिठाच्या हातांनीच आली. पाटावर चढली. बाबांनी हात तिच्या खांद्यावर ठेवला. चार लोकांसमोर! गजूभाऊ खोकले. आईने पदर तोंडात धरला, तरी हसू बाहेर आलंच. बाबा समोर बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"हां, बरोबर हाय. हात हलवू नका मामाजी. मामी, तुमी सरका आता बाजूले."

आई पाटावरून उतरून भाकरी थापायला गेली. हात तसाच राहिला. राहुलने फोटो काढला, कॅमेरा खाली केला, कॉम्प्युटरकडे वळला. बाबा अजून ताठ उभे. चेहरा लाल, मग जांभळा होऊ लागलेला. अखेर ते फुटले.

"अबे, सोडा कोन म्हनीन?"

"डिजिटलले श्वास नाई धरा लागत, मामाजी!"

"मले धरा लागते ना!"

त्या हंगामात हिरो पुन्हा लोकांच्या खांद्यांवर हात ठेवू लागला. फक्त आता त्या हाताची नखं तपकिरी होती. फोटो धुण्याच्या डेव्हलपरमध्ये बुडून बुडून बाबांची नखं तशी झालेली, आणि करंगळी जराशी वाकडी. एका चौकस गिऱ्हाइकाने विचारलंही, एवढ्या मोठ्या हिरोची नखं अशी काहून? गजूभाऊंनी वस्तऱ्यावरची नजर न काढता सांगितलं, "पुढच्या सिनेमात मेकॅनिक हाय. तयारी करून राह्यला."

त्या वर्षांत आणखी एक काम यायचं. ते मी इथे थोडक्यात लिहिते. रांगेत हसून फोटो काढून गेलेल्या एखाद्याच्या घरून, पुढे कधीतरी, त्याचा भाऊ नाहीतर मुलगा तोच फोटो घेऊन यायचा. दुसरा नसायचाच. म्हणायचा, हिरो काढून द्या आणि आमचा माणूस मोठा करून द्या. राहुल हिरो पुसायचा. एकदा तो हातही पुसू लागला तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं.

"तो राहू दे."

"मामाजी, नुसता हात कसा दिसन? कोनाचा म्हनून विचारतीन लोक."

"विचारू दे. एकटा नको पाठवू त्याले."

*

यंदा हे सगळं आठवलं तेव्हा मी राहुलला फोन लावला. त्याचं आता यवतमाळला मोबाइलचं दुकान आहे. म्हटलं, जाकीट घातलेला तो मूळ फोटो असेल ना रे?

"ताई, मामाजीचं धड हाय माह्याजवळ. मुंडकं नाई."

"म्हणजे?"

"तेव्हा कॉम्प्युटरमधी जागा कमी राहे ना. हिरोचं लावल्यावर मामाजीचं मुंडकं ठेवून काय कराचं होतं? पुसलं." मग अगदी हळू आवाजात, "मले काय माहीत होतं, ताई."

समोरच्या सलूनमध्ये गेले. गजूभाऊंचे केस आता बाभळींसारखे झालेत आणि हिरोसारखे कापण्याइतके उरलेले नाहीत. भिंतीवर नव्या पोरांचे नवे हिरो. मात्र आरशाच्या वर तो जुना फोटो अजून आहे. ऊन लागून लागून हिरोचा चेहरा निळसर पडलाय, ओळखू येत नाही. गजूभाऊंच्या खांद्यावरचा हात तेवढा स्वच्छ दिसतो, तपकिरी नखांचा.

"हिरोचे सिनेमे पडले, ताई," गजूभाऊ म्हणाले. "मंडळबी मोडलं. पोट्टे म्हनतात, काका, हा उतरवा आता. म्या म्हटलं, तुमच्या हिरोनं कोनाच्या खांद्यावर हात ठेवला काय बे? याच्यानं ठेवला होता." मग आरशातून माझ्याकडे बघून त्यांनी वस्तरा उगाचच पट्ट्यावर घासला. "अर्ध्या तालुक्यात हाय काकाजी. फक्त तोंड दाखवत नाई."

रविवारी राहुल लॅपटॉप घेऊन आला. त्याने कोंबडीचोराचं डोकं जाकिटाच्या धडावर बसवून आणलं होतं. आईने पाहिलं आणि हसू लागली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडात धरूनही ते थांबेना.

"कोंबडी चोरून हिरोचं जाकीट घातलं याच्यानं!"

हसू ओसरल्यावर ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने बोटाने कोंबडीचोराचं डोकं झाकलं.

"मुंडकं राहू दे, राहुल. हे बाकीचं हाय ना बरोबर?"

"हे खरं हाय, मामी. त्या दिवशीचंच."

"मंग मले याच्या खाली उभं कर. त्या दिवशी तू मले सरकवलं होतं."

राहुलने लॅपटॉप मिटला. उठून त्याने स्टुडिओचं दार उघडलं. आतली हवा बंद होती, फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास अजून भिंतीत होता. मी कोपऱ्यातला पाट शोधून पुसला. पांढरी चादर खिळ्यांना लावली. फोटोत धड दिसणार नाही, डोकंही नाही, असं राहुलने समजावून सांगितलं. दिसेल ती फक्त आई आणि बाहेरून येऊन तिच्या खांद्यावर ठेवलेला हात. लोक विचारतील, कोणाचा.

"इचारू दे," आई म्हणाली आणि पाटावर चढली. डावीकडे हातभर जागा तिने आपणहूनच सोडली. पदर नीट केला, हनुवटी वर उचलली.

राहुलने मोबाइल धरला, फोटो काढला आणि तो कसा आलाय हे बघायला तिथेच मान खाली घातली. बोटांनी मोठा केला, लहान केला. उघड्या दारातून कापसाचे तंतू आत येत होते, उजेडात तरंगत होते. मी आईकडे पाहिलं. ती तशीच उभी होती. ताठ, ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, नजर समोर, जिथे पूर्वी काळं कापड असायचं तिथे.

"सोडा," मी म्हटलं.